मूलपेशी, आधारपेशी आणि विषाणुग्रस्त फुप्फुस

‘मूलपेशी’ ही संज्ञा मराठीत रूढ होऊन फार काळ लोटलेला नाही. तथापि एवढ्या अल्पावधीत तिच्याभोवती जेवढी आशा जमा झाली आहे, तेवढी दुसऱ्या एखाद्या जीवशास्त्रीय संज्ञेच्या वाट्यास क्वचितच आली असेल. २०२० व २०२१ ह्या वर्षांत कोविड-१९ च्या साथीने अनेकांची फुप्फुसे निकामी केली. औषध नेमके कोणते, ह्याविषयी आरंभी वैद्यकातच निश्चिती नव्हती. अशा वेळी ‘मूलपेशी दिल्या असता फुप्फुस पुन्हा तयार होते’ अशा आशयाच्या वार्ता लोकांच्या कानी येऊ लागल्या. त्यांत सत्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे ठरविण्यापूर्वी मुळात शब्दाचा अर्थ निश्चित होणे अवश्य होते. साथीच्या धामधुमीत ते झाले नाही. आणि साथ ओसरल्यावर तो प्रश्न मागे पडला.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. विषाणुजन्य रोगाने फुप्फुसास जी गंभीर इजा होते तिचे स्वरूप काय. तीवर योजिल्या जाणाऱ्या पेशी कोणत्या व त्या प्रत्यक्षात काय करतात. आणि त्यांच्या उपयोगाविषयी आजवरच्या प्रयोगांनी काय सिद्ध केले आहे. विवेचनातील दृष्टान्त इंदापूर व बारामती तालुक्यांतील ऊसशेतीतून घेतले आहेत. वालचंदनगर हे त्या प्रदेशाचे प्रातिनिधिक गाव. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात ऊसमळे फुलविले व साखर कारखाना उभारला, आणि त्यातून हे गाव वसले. तेथील वाचकास ‘बेणे’, ‘डोळा’, ‘खोडवा’, ‘पाणथळ’ ह्या शब्दांचे अर्थ सांगावे लागत नाहीत. मूलपेशींविषयीचा प्रचलित गैरसमज आणि त्याचे निराकरण ही दोन्ही ह्याच शब्दांच्या आधारे नेमकी मांडता येतात.

१. इजेचे स्वरूप

प्रौढ मनुष्याच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरीने सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. वायुकोशाची भिंत काही ठिकाणी मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ असते. तिच्या एका बाजूस श्वासाबरोबर आलेली हवा आणि दुसऱ्या बाजूस केशवाहिनीतील रक्त असते. ह्या पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पडदा पातळ व कोरडा असणे ही श्वसनाची पहिली अट होय.

वायुकोशाच्या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी आढळतात. पहिल्या प्रकारच्या पेशी पसरट असून त्यांनी सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग व्यापलेला असतो. वायूंची देवघेव त्यांच्यातून होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी लहान व घनाकृती असतात. त्या पृष्ठताण कमी करणारा एक स्निग्ध पदार्थ स्रवतात. तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटून जातील. ह्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे आणखी एक कार्य आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारच्या पेशी मरण पावल्या की दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभाजन पावून त्यांची जागा भरून काढतात. म्हणजे वायुकोशापुरते पाहिले तर फुप्फुसाच्या स्वतःच्या मूलपेशी ह्याच होत.

इन्फ्लुएंझाचा किंवा कोविड-१९ चा विषाणू वायुकोशांपर्यंत उतरला की ह्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींतही शिरतो. म्हणजे जी पेशी दुरुस्ती करावयाची तीच आघातास बळी पडते. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूवर तुटून पडताना आपल्याच ऊतींचीही हानी करते. केशवाहिन्या गळू लागतात. प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत साठतो आणि मृत पेशी व प्रथिने यांचा एक काचेसारखा थर भिंतीवर बसतो. पुढे काही रुग्णांत तेथे व्रणऊती निर्माण होऊन फुप्फुस ताठर बनते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील वैद्यांनी १९६७ साली १२ रुग्णांवरून ह्या अवस्थेचे प्रथम पद्धतशीर वर्णन केले. मराठीत तीस ‘तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह’ असे म्हणता येईल. रक्तातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजून त्यास श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या अंशाने भागले असता निरोगी माणसात भागाकार ४०० च्या वर येतो. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार तो १०० किंवा त्याहून कमी झाला तर अवस्था गंभीर समजतात.

पुणे जिल्ह्यास ह्या अवस्थेचा परिचय दोनदा झाला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी पुण्यात घेतला. पुढे ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यातच आढळले. ज्या संस्थेत ह्या विषाणूंची परीक्षा झाली ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही, १९५२ साली स्थापन झाल्यापासून, पुण्यातच आहे. रोग आणि रोगाचा अभ्यास ही दोन्ही अशी शेजारी नांदत असूनही त्यांच्यामधील भाषेचे अंतर मात्र फारसे कमी झालेले नाही.

२. ‘मूल’ म्हणजे काय?

मूलपेशीस इंग्रजीत ‘स्टेम सेल’ म्हणतात. पण ही संज्ञा जन्माने इंग्रजी नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६८ साली ‘श्टामत्सेले’ असा शब्द वापरला. त्याच्या मते सर्व बहुपेशीय प्राणी ज्या एकपेशीय पूर्वजापासून उत्क्रांत झाले, तो पूर्वज म्हणजे ‘श्टामत्सेले’. जर्मन भाषेत ‘श्टाम’ ह्या शब्दाचा अर्थ झाडाचे खोड असा आहे, तसाच वंश किंवा कूळ असाही आहे. वंशवृक्षास त्या भाषेत ‘श्टामबाउम’ म्हणतात. हेकेलच्या मनात वंशाचा अर्थ होता. इंग्रजीत ‘स्टेम’ हा प्रतिशब्द आला तेव्हा खोडाचा अर्थ पुढे आला व वंशाचा अर्थ मागे सरला. मराठीने खोडाऐवजी ‘मूल’ हा शब्द पसंत केला. काही लेखकांनी ‘स्कंधपेशी’ असा प्रतिशब्दही वापरला. स्कंध म्हणजे खोड, म्हणून तो इंग्रजीस अधिक जवळचा.

मराठीत ‘मूळ’ ह्या शब्दाच्या दोन छटा आहेत. एक वनस्पतीच्या मुळाची आणि दुसरी ‘मूळपुरुष’ ह्या शब्दातील. घराण्याची वंशावळ मूळपुरुषापासून मांडतात. तो नसता तर पुढील शाखा नसत्या. ही दुसरी छटा हेकेलच्या मूळ कल्पनेशी चांगली जुळते, म्हणून ‘मूलपेशी’ ही संज्ञा अयोग्य म्हणता येत नाही. मात्र सामान्य वाचक पहिली छटा घेतो. मूळ लावले की झाड उगवते, तद्वत मूलपेशी सोडली की अवयव उगवतो, असा ग्रह त्यातून होतो.

शास्त्रीय अर्थाने एखाद्या पेशीस मूलपेशी म्हणावयाचे तर तिच्या ठिकाणी दोन गुण असावे लागतात. विभाजन पावताना तिने आपल्यासारखी पेशी मागे ठेवली पाहिजे आणि तिच्यापासून अधिक विशेषित अशा अन्य पेशीही निर्माण झाल्या पाहिजेत. उसाच्या लागवडीत ह्यांपैकी दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष दिसतात. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की डोळा फुटतो आणि पाने, खोड, मुळे अशा निरनिराळ्या अवयवांचे पूर्ण झाड तयार होते. ऊस तोडून नेल्यावर बुडख्यातील डोळे पुन्हा फुटून खोडवा येतो. म्हणजे फुटण्याची शक्ती मागे शिल्लक राहिलेली असते. वनस्पतींच्या पेशींत ही शक्ती इतकी व्यापक आहे की पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या कोवळ्या ऊतीपासून काचपात्रात रोपे वाढविली जातात.

मनुष्याच्या शरीरात तसे नाही. गर्भाच्या अगदी आरंभीच्या पेशी सोडल्या तर पुढील बहुतेक मूलपेशींची शक्ती आपापल्या ऊतीपुरती सीमित असते. रक्ताची मूलपेशी रक्त निर्माण करते, त्वचेची मूलपेशी त्वचा. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर धातूपासून अनेक रूपे सिद्ध होतात, पण एकदा सिद्ध झालेल्या रूपास दुसऱ्या धातूचे प्रत्यय लावता येत नाहीत. त्यामुळे ‘मूलपेशी दिल्या’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या ऊतीच्या मूलपेशी, हा प्रश्न त्यापुढे आलाच पाहिजे.

३. जेथे संज्ञा सार्थ ठरते

मूलपेशींनी ऊतीची पुनर्निर्मिती होते हे निर्विवाद सिद्ध झाले ते रक्ताच्या बाबतीत. टोरांटो येथील टिल व मॅक्युलॉक यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून अस्थिमज्जेत रक्ताची मूलपेशी असते हे दाखवून दिले. मज्जारोपणाचे तंत्र माणसांत यशस्वी करणारे अमेरिकन वैद्य डॉनल टॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाले.

ह्या उपचारात काय घडते हे नीट पाहिले पाहिजे. रुग्णाची रोगट मज्जा औषधांनी वा किरणांनी नष्ट करतात. दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडतात. त्या वाहत जाऊन अस्थींच्या पोकळीत वस्ती करतात व पुढे आयुष्यभर रक्त निर्माण करीत राहतात. शेत मोकळे करून नवे बेणे लावावे आणि ते रुजावे, तसाच हा प्रकार होय. येथे ‘मूल’ हा शब्द दोन्ही छटांनी सार्थ आहे. आणि नेमक्या ह्याच यशामुळे फुप्फुसाच्या बाबतीतही तसेच घडत असले पाहिजे, असा समज दृढ झाला.

४. फुप्फुसासाठी दिल्या जाणाऱ्या पेशी

गंभीर विषाणुजन्य इजेवर ज्या पेशींचे प्रयोग झाले, त्या बहुतांश रक्ताच्याही नव्हेत आणि फुप्फुसाच्याही नव्हेत. त्या ‘मेसेन्कायमल’ पेशी होत. अस्थिमज्जा, नवजात अर्भकाची नाळ, मेदऊती अशा अनेक ठिकाणांहून त्या मिळविता येतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात अस्थिमज्जेतील ह्या पेशींचे वर्णन केले. १९९१ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ अर्नॉल्ड कॅप्लन यांनी त्यांस ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिले व त्याची आद्याक्षरे ‘एमएससी’ जगभर प्रसृत झाली.

ह्या नावाची पुढील कथा उद्बोधक आहे. २००५ साली पेशीचिकित्सेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने असे सुचविले की काचपात्रात वाढविलेल्या ह्या सर्वच पेशी मूलपेशी आहेत असे सिद्ध झालेले नाही, म्हणून ‘स्टेम’ ऐवजी ‘स्ट्रोमल’ हे विशेषण वापरावे. २००६ साली त्याच संघटनेने त्या ओळखण्याच्या कसोट्या ठरविल्या. प्लॅस्टिकच्या पात्रास चिकटणे, पृष्ठभागी ठराविक प्रथिने असणे, आणि प्रयोगशाळेत अस्थी, कूर्चा व मेद यांच्या पेशींत रूपांतर होऊ शकणे, ह्या त्या कसोट्या. त्यांत फुप्फुसाच्या पेशींचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे २०१७ साली खुद्द कॅप्लन यांनीच नाव बदलण्याची वेळ आली आहे असे जाहीरपणे लिहिले. आद्याक्षरे तीच ठेवून ‘औषधी संदेश देणाऱ्या पेशी’ अशा अर्थाचे नवे नाव त्यांनी पुरस्कारिले. आपणच रूढ केलेली संज्ञा दिशाभूल करते असे तिच्या कर्त्याने सांगावे, असे प्रसंग परिभाषेच्या इतिहासात विरळा.

ह्या पेशी फुप्फुसात जाऊन करतात काय? शिरेतून सोडलेले रक्त हृदयाच्या उजव्या भागातून प्रथम फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाते. मेसेन्कायमल पेशी आकाराने केशवाहिनीच्या मानाने मोठ्या असल्यामुळे त्यांतील बऱ्याच तेथेच अडकतात. परंतु त्या तेथे वस्ती करीत नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की त्यांपैकी बहुतेक पेशी एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. वायुकोशाचे नवे अस्तर त्यांच्यापासून बनत नाही. तेव्हा प्राण्यांत जो लाभ दिसला तो त्या अल्प मुक्कामात त्यांनी स्रविलेल्या द्रव्यांचा असला पाहिजे, असे अनुमान आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. काही द्रव्ये भक्षकपेशींचा क्षोभ शमवितात, काही गळक्या केशवाहिन्यांची भिंत सांधण्यास साह्य करतात, तर काही वायुकोशातील द्रव बाहेर काढण्याच्या क्रियेस चालना देतात. २०१२ साली उंदरांवरील एका प्रयोगात ह्या पेशी आपली ऊर्जाकेंद्रे, म्हणजे सूत्रकणिका, इजा झालेल्या पेशींना देतात असेही दाखविण्यात आले.

येथे उसाच्या बेण्याचा दृष्टान्त सोडून द्यावा लागतो आणि दुसरा घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्यावर बारामती–इंदापूरचा पट्टा बागायती झाला. पण अतिपाण्याने त्यातील काही जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. पाणथळ रानात कितीही उत्तम बेणे लावले तरी ते कुजते. तेथे आधी चर काढून साचलेले पाणी वाहून न्यावे लागते व पाण्याच्या पाळ्या आवराव्या लागतात. मग जमिनीत जो जीव शिल्लक असेल तो आपले काम करू लागतो. मेसेन्कायमल पेशींकडून जी अपेक्षा आहे ती चर काढणाऱ्याची आहे, बेण्याची नव्हे. फुप्फुसाची खरी पुनर्निर्मिती व्हावयाची ती वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या, जगून वाचलेल्या पेशींकडूनच.

५. प्रयोगांची साक्ष

अपेक्षा युक्त असणे निराळे आणि ती सिद्ध होणे निराळे. चीनमध्ये २०१३ पासून एच७एन९ ह्या पक्षी-इन्फ्लुएंझाचे रुग्ण आढळले. त्यांतील गंभीर अवस्थेच्या १७ रुग्णांना मेसेन्कायमल पेशी देण्यात आल्या व ४४ रुग्णांना देण्यात आल्या नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पहिल्या गटात १७.६ टक्के व दुसऱ्या गटात ५४.५ टक्के रुग्ण दगावले. अंतर मोठे आहे. परंतु कोणास पेशी द्यावयाच्या हे येथे सोडतीने ठरविलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही गट आरंभी समान होते असे खात्रीने म्हणता येत नाही. कोविडची साथ सुरू होताच बीजिंगमधून आलेला व बराच गाजलेला अहवाल तर पेशी दिलेल्या अवघ्या ७ रुग्णांचा होता.

सोडतीने गट पाडून केलेल्या प्रयोगांपैकी मायामी येथील प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यात २४ रुग्ण होते, प्रत्येक गटात १२. नाळेपासून मिळविलेल्या १० कोटी पेशी दोन वेळा देण्यात आल्या. एक महिन्यानंतर पेशी दिलेल्या गटात ९१ टक्के व दुसऱ्या गटात ४२ टक्के रुग्ण हयात होते. हे आकडे वाचून कोणाचेही मन उल्हसित होईल. तथापि बारांच्या गटात एका माणसाच्या जगण्या-मरण्याने टक्केवारी आठांनी हलते, हे विसरता कामा नये. अशा लहान प्रयोगाचे खरे काम मोठ्या प्रयोगास वाट दाखविणे हे असते.

मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविडच्या ३०० रुग्णांवर तो करावयाचा होता. २०२० च्या डिसेंबरात मध्यंतरीची तपासणी झाली तेव्हा मूळ उद्दिष्ट साध्य होण्याची शक्यता दिसेना, म्हणून २२२ रुग्णांनंतर नवीन भरती थांबविण्यात आली. ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पेशी दिलेल्या गटात ३७.५ टक्के व दुसऱ्या गटात ४२.७ टक्के निघाले. एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संख्याशास्त्र त्यास लाभ मानीत नाही. कोविडपूर्वी, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगातही ६० रुग्णांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. त्या प्रयोगातून एक व्यावहारिक अडचण मात्र उघड झाली. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे १ कोटी पेशी देण्याचे ठरले होते. परंतु गोठविलेल्या पेशी वितळविल्यानंतर त्यांतील जिवंत पेशींचे प्रमाण ३६ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत बदलत होते. औषधाची मात्राच जेथे स्थिर नाही तेथे परिणाम स्थिर कसा असणार?

ह्या सर्व प्रयोगांत एक गोष्ट बरीचशी स्पष्ट झाली, ती अशी की योग्य देखरेखीखाली दिलेल्या ह्या पेशींपासून तात्काळ मोठा अपाय सहसा होत नाही. परंतु निरुपद्रवी असणे म्हणजे गुणकारी असणे नव्हे.

गुणकारी म्हणून सिद्ध झालेल्या उपायांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. २००० साली असे दिसून आले की श्वसनयंत्राने दर श्वासास हवा कमी भरली, तर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते. तो प्रयोग ८६१ रुग्णांवर झाला होता. गंभीर रुग्णास दिवसातील बराच वेळ पालथे झोपविल्याने २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले, हे २०१३ साली ४६६ रुग्णांवरील फ्रेंच प्रयोगाने दाखविले. कोविडमध्ये डेक्सामेथासोन ह्या जुन्या व स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. तो ब्रिटिश प्रयोग ६ हजारांहून अधिक रुग्णांचा होता. ह्या उपायांभोवती मूलपेशींसारखे वलय नाही. पण पुरावा त्यांच्या बाजूचा आहे, आणि ते तालुक्याच्या ठिकाणीही योजिता येतात.

ह्याचा अर्थ मेसेन्कायमल पेशींचा मार्गच खुंटला असा करू नये. ज्या पेशींचा मोठा कोविड-प्रयोग निष्फळ ठरला, त्याच पेशींस २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका वेगळ्या रोगासाठी मान्यता दिली. मज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात आणि स्टिरॉइडांनी ते आटोक्यात येत नाही, अशा मुलांसाठी ती मान्यता आहे. तेथेही त्यांचे कार्य क्षोभ शमविण्याचे आहे, नवी ऊती घडविण्याचे नाही. दुसऱ्या बाजूस, श्वासनलिकेच्या अस्तरातील मूलपेशी रुग्णाच्याच शरीरातून काढून, वाढवून, पुन्हा फुप्फुसात सोडण्याचे प्रयोग चीनमध्ये चालू आहेत. ते जीर्ण फुप्फुसविकारांवर व थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. पण ‘मूल’ ही संज्ञा त्यांना यथार्थपणे लागू पडते.

६. ‘चिकित्सा’ हा शब्द आणि संमतिपत्र

भारतातील नियमांचा इतिहासही एका शब्दाभोवती फिरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांच्या शीर्षकात ‘मूलपेशी संशोधन व चिकित्सा’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘चिकित्सा’ हा शब्द हेतुपुरस्सर गाळण्यात आला. मूलपेशींचा उपयोग अजून प्रस्थापित उपचार झालेला नाही, हे शीर्षकापासूनच कळावे हा त्यामागील उद्देश. २०१७ च्या आवृत्तीनेही तेच धोरण ठेवले. रक्त व तत्संबंधी ठरावीक विकारांवरील मूलपेशीरोपण हा मान्य उपचार. त्याबाहेरील वापर अनुमतिप्राप्त वैद्यकीय प्रयोगापुरताच, असे त्या तत्त्वांचे सार आहे. फुप्फुसाची विषाणुजन्य इजा अर्थातच ह्या दुसऱ्या वर्गात पडते.

शीर्षकातील एका शब्दाचे महत्त्व रुग्णाच्या आप्तांच्या दृष्टीने केवढे आहे, हे प्रत्यक्ष प्रसंग कल्पिला म्हणजे ध्यानात येते. वालचंदनगरसारख्या गावातील अत्यवस्थ रुग्णास बारामतीस व गरज पडल्यास तेथून पुण्यास हलवितात. रुग्ण यंत्रावर असतो. बोलू शकत नाही. बाहेर बसलेल्या मुलास किंवा भावास कागद वाचून सही करावयाची असते. त्या कागदावर ‘मूलपेशी उपचार’ असे लिहिले असेल तर तो ‘नवे फुप्फुस’ असे वाचणार, आणि घर वा जमीन गहाण टाकूनही तो उपचार करावा असे त्यास वाटणार. तेथेच ‘आधारपेशींचा प्रयोग, लाभ होईल की नाही हे अद्याप ठरलेले नाही’ असे लिहिले तर त्याचा निर्णय कदाचित तोच राहील, पण तो जाणून घेतलेला असेल. प्रयोगातील संमतिपत्र सहभागी व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत असावे अशी २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांची अपेक्षा आहे. लिपी मराठी आणि शब्द मराठी असले म्हणजे ही अपेक्षा पुरी झाली असे नव्हे. शब्दाने वाचकाच्या मनात जी कल्पना उभी राहते ती वस्तुस्थितीशी जुळली पाहिजे.

अशा वेळी आप्तांनी विचारावयाचे प्रश्न थोडे व साधे आहेत. पेशी कोणत्या ऊतीच्या व कोणाच्या शरीरातील? त्या फुप्फुसात टिकणार आहेत की काही काळ काम करून जाणार आहेत? हा प्रयोग असेल तर भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे काय? अशी नोंद २००९ पासून सक्तीची आहे. आणि पेशींसाठी पैसे घेतले जात असतील तर ते कशाबद्दल? प्रयोगाधीन औषधाचे मूल्य रुग्णाकडून घ्यावयाचे नसते.

परिभाषेविषयी एक सूचना येथे करता येईल. ‘स्ट्रोमल’ ह्या विशेषणातील ‘स्ट्रोमा’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण असा आहे. ज्या ऊतीवर इतर पेशी विसावतात, ज्यातून त्यांना आधार व पोषण मिळते, ती ऊती म्हणजे स्ट्रोमा. त्यावरून मेसेन्कायमल पेशींस मराठीत ‘आधारपेशी’ म्हणावे आणि ‘मूलपेशी’ ही संज्ञा ज्या पेशींपासून नवी ऊती प्रत्यक्ष निर्माण होते त्यांच्यापुरती राखून ठेवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण संज्ञांनाही लागू आहे. पुराव्याचे अंथरूण जेवढे, तेवढेच नावाने पाय पसरावेत.

सारांश, विषाणुजन्य रोगाने फुप्फुसास झालेल्या गंभीर इजेवर ज्या पेशी दिल्या जातात त्या फुप्फुस नव्याने घडवीत नाहीत. फुप्फुसास स्वतःची दुरुस्ती करता यावी म्हणून तेथील क्षोभ व पूर आवरण्याचा प्रयत्न करतात. हा प्रयत्न प्राण्यांत पुष्कळदा सफल झाला, माणसांवरील लहान प्रयोगांत आशादायक वाटला, आणि मोठ्या प्रयोगात सिद्ध झाला नाही. कोणत्या रुग्णास, रोगाच्या कोणत्या दिवशी, किती जिवंत पेशी द्याव्यात, हे प्रश्न पुढील संशोधनाचे आहेत. ते संशोधन होत असताना मराठी वाचकास त्याची वार्ता योग्य नावाने कळावी, एवढी दक्षता वैद्यकाने, वृत्तपत्रांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी मिळून घ्यावयास हवी.